खांब्याच्या बासवरच्या नऊ खाचा

३ मार्च, सोमवार

नऊ खाचा पाडल्या! मी करवत उचलली तसा खांब्या खोलीबाहेर जाऊन जिन्यात बसला. "माझ्याच्याने बघवणार नाही. झालं की हाक मार." सहा फूट दोन इंचांचा माणूस, दिवसभर लिफ्टच्या पोकळीत लोंबकळून दुरुस्त्या करतो आणि एवढ्याशा करवतीला घाबरतो!

पण त्याचंही खरं आहे. एकच बास गिटार, अकरा वर्षं वाजवतोय. माझ्या गिटारला सप्तकात चोवीस घरं, त्याच्या बासला बाराच. आमच्या गाण्यांना लागणारे मधले नऊ सूर तो तार ओढून ओढून काढायचा, बोटांची सालं निघायची. कार्यक्रम २९ तारखेला. पहिल्यांदाच एवढं मोठं सभागृह, पूर्ण संध्याकाळ फक्त आमच्या बँडची. त्याआधी बास तयार व्हायलाच हवी होती.

आमच्या खाचा मापाने नाही, कानाने पडतात. वहिनी एकेक सूर लावून धरते, मी तारेखाली पितळेचा तुकडा सरकवत नेते, दोन्ही एक झाले की खूण. मग करवत, मग खाचेत फ्रेटची धातूची पट्टी ठोकायची. नणंद-भावजय चार तास एका खोलीत आणि वाद नाही. दादा म्हणतो, याचंच तिकीट लावू!

सर्दी आहे. डाव्या कानाला दडा बसलाय.

४ मार्च, मंगळवार

नव्या बासवर पहिली तालीम. सायकलींच्या गोदामावरची आमची खोली, खाली माल उतरवत होते, वर आम्ही. दुसऱ्या गाण्यात खांब्या थांबला. "हे जरा उतरल्यासारखं लागतंय का गं?" मी म्हटलं, "सवय नाही तुला अजून. बोट फ्रेटला चिकटून ठेव." ठेवलं बिचाऱ्याने.

६ मार्च, गुरुवार

कामावर, वाद्यदुरुस्तीच्या दुकानात, एका मेंडोलिनच्या खुंट्या बसवत होते. फोन आला. उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला आणि पलीकडच्या माणसाचा आवाज चढला. म्हणजे मोठा नाही झाला, सूर वर गेला!

बाहेरच्या कपाटातून ट्यूनिंग फोर्क, सूर जुळवायचा काटा, आणला. गुडघ्यावर मारला. उजव्या कानाशी धरला, मग डाव्या. उजव्या. डाव्या. वीस वेळा तरी केलं असेल. मालक म्हणाले, "आज काट्याशी खेळत बसणार आहात की मेंडोलिन देणार आहात?"

डावा कान वरचं ऐकतोय.

सोमवारी बास माझ्या डाव्या हाताला होती, चढं ऐकणाऱ्या कानाशी. वहिनी उजवीकडे उभी होती.

७ मार्च, शुक्रवार

तालमीच्या अर्धा तास आधी एकटी गेले. सूर मोजायचं मशीन लावून एकेक फ्रेट तपासली. नऊपैकी सात उतरलेल्या. थोड्याच. पण आमचं सगळं गाणंच त्या थोड्यावर उभं आहे!

खांब्या आला. "काय बघतेस?" "पुसत होते." "थँक्यू हं," म्हणाला. थँक्यू!

का नाही सांगितलं? लिहायला हवं, निदान इथे तरी. दादाचे हात, वहिनीचा गळा, आणि माझा कान — बँड यावर चालतो. गिटार मी बरी वाजवते, माझ्यापेक्षा चांगली वाजवणारे ढिगाने आहेत. पण कुठला सूर बरोबर, हे शेवटी मला विचारतात. तो कान गेला तर मी कोण? माझी स्वतःची गिटार आता मी बाथरूममध्ये दार लावून मशीनवर लावते. चोरासारखी.

सर्दी गेली की दडा सुटेल. मग काहीतरी सबब काढून खाचा दुरुस्त करीन.

११ मार्च, मंगळवार

आज भडका उडाला. खांब्याने स्वतःच मशीन आणलं. कुणाला दोष न देता, अगदी नरमाईने म्हणाला, "हे बघा ना, हेही खालीच दाखवतंय."

वहिनी उसळली. "हिच्या कानावर शंका घेतोस? सहा वर्षांत एकदा तरी चुकलीय ती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी काय बोलले? "मशीनला काय कळतंय आपल्या गाण्यातलं! दाबताना तार सरकवतोस तू. हात जड झालाय तुझा."

हात जड झालाय! माझंच वाक्य. खांब्या बोटांकडे बघत राहिला. दादा म्हणाला, "मला विचारू नका बुवा, मला सुरातलं ढिम्म कळत नाही," आणि त्याने ड्रमच्या काठ्या उचलल्या.

१४ मार्च, शुक्रवार

सर्दी गेली. डावा कान तसाच.

१७ मार्च, सोमवार

खांब्या तालमीला कागद घेऊन आला. कान तपासून घेतले म्हणाला! कामावर अर्धी सुट्टी टाकून गेला होता. "म्हटलं, ऐकण्यातच काही गडबड असेल. पण नाही, कान ठणठणीत आहेत म्हणे." मग हसायचा प्रयत्न केला. "म्हणजे हातच."

तो कागद त्याने माझ्या हातात दिला. दोन रेषा, उजव्या कानाची आणि डाव्या कानाची, एकमेकींना चिकटून चाललेल्या. मी "छान" म्हटलं. याहून हलकं माणसाला होता येतं का, माहीत नाही.

बोटांना पट्ट्या आहेत त्याच्या. सकाळी कामाआधी दोन तास सराव करतो. चुकीच्या खाचांवर बरोबर सूर शोधतोय.

१८ मार्च, मंगळवार

मीही गेले. त्याच दवाखान्यात नाही, दुसरीकडे. काचेच्या पेटीत बसवून कानाला यंत्र लावलं. माझ्या दोन रेषांची फारकत झालेली. डॉक्टरीण बाई माझ्याच वयाची. "कधीपासून?" म्हटलं, पंधरा दिवस झाले. तिने पेन खाली ठेवलं. "सर्दी समजून बसलात? पहिल्या आठवड्यात यायला हवं होतं. आतल्या नसेचं आहे हे. गोळ्या देते, खात्री देत नाही."

"सूर परत एक होईल?"

"होतो काहींचा. तुमचा सांगता येत नाही."

बाहेर बाकावर बसले. रस्त्यावर एक गाडी हॉर्न देत गेली आणि मला दोन गाड्या ऐकू आल्या.

२१ मार्च, शुक्रवार

खांब्याने सोडलं. आठ दिवसांवर कार्यक्रम! तालमीच्या शेवटी बास पेटीत ठेवली, कड्या लावल्या, आणि उभ्यानेच म्हणाला, "माझ्यामुळे तुमचं वाजणं बिघडतंय. दुसरा बघा. मी राग धरून जात नाहीये." कुणी अडवलं नाही. वहिनी म्हणाली, "एक जण आहे माझ्या माहितीतला, विचारते." लगेच! जिन्यात त्याची पावलं मी मोजत होते. मोजलीच फक्त.

२२ मार्च, शनिवार

गोळ्या सुरू. भूक नाही, झोप नाही. दादाने फोन केला, उचलला नाही.

२३ मार्च, रविवार

गेले त्याच्याकडे. सकाळी दहा वाजता. त्याच्या आईने दार उघडलं. माऊली मला बघून खूश झाली. "बरं झालं आलीस. वाजवतच नाही गं तो दोन दिवस. जरा सांग त्याला."

तो गॅलरीत कपडे वाळत घालत होता. मी खुर्चीवर बसलेसुद्धा नाही. एका दमात सांगितलं: कान, खाचा, मशीन, बाथरूम, "हात जड झालाय", सगळं. माझा कागदही पुढे केला. त्याने हात पुसून घेतला, बराच वेळ पाहिला.

"कधी कळलं तुला?"

"सहा तारखेला. गुरुवारी."

"मी सतरा तारखेला कागद आणला होता."

"हो."

"आणि तू छान म्हणालीस."

"हो."

त्याने उरलेला शर्ट पिळला, झटकला, दोरीवर टाकला, चिमटे लावले. मला वाटलं आता हाकलणार. हाकललं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मला वाटायला लागलं होतं की मला कधीच वाजवता येत नव्हतं. आधीची अकरा वर्षंसुद्धा. तू सांगितलंस म्हणून." एवढंच. आवाजही चढवला नाही.

आतून त्याची आई म्हणाली, "चहा घेणार ना?" मी चपला घालायला वळले.

निघताना मी म्हटलं, "सात खाचा बुजवून परत पाडता येतील. मापाने. वाटल्यास दुसऱ्या कारागिराकडून करून घे."

"सांगतो दोन दिवसांत," म्हणाला. आणि दार हळू लावलं.

२५ मार्च, मंगळवार

आला! संध्याकाळी पाच वाजता, दुकानात, बास घेऊन. "माफ केलंय असं समजू नकोस," म्हणाला. "पण ही गाणी माझीही आहेत."

सातही फ्रेट उपटल्या. खाचांत लाकडाचा भुसा आणि सरस भरला, घासून सपाट केलं. वाळेपर्यंत तासभर आम्ही दोघे बाकड्याच्या दोन टोकांना बसलो. मग खुणा त्याने केल्या. स्वतःच्या कानाने, नंतर मशीनवर पडताळून. मी करवत चालवली. या वेळी तो जिन्यात गेला नाही. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर डोळे.

दादा-वहिनीला काय सांगायचं? तो म्हणाला, "ते तुझं तू सांग. पण कार्यक्रम झाल्यावर. आत्ता सगळे घाबरतील." फोनवर वहिनीला एवढंच कळवलं की खांब्या परत येतोय. ती "बरं," म्हणाली.

२९ मार्च, शनिवार

झाला. डाव्या कानात कापूस घालून वाजवलं. सभागृह भरलेलं. तिसऱ्या गाण्यात वहिनीचा सूर, माझी तार आणि खांब्याची बास दोन सुरांमधल्या त्या अरुंद फटीत एकत्र उतरली, आणि समोरचे लोक अवघडून हसले. त्यांना कळत नव्हतं की हे बेसूर आहे की आजवर न ऐकलेला सूर. मग टाळ्या! खांब्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पण डोळे मिटून वाजवत होता, महिन्याभराने. मला एकाच कानाने ऐकू येत होतं आणि तेवढं पुरलं.

उद्या सामान आवरायला जायचंय. तेव्हा सांगते दोघांना.

३० मार्च, रविवार

सांगितलं. वहिनी केबल गुंडाळत होती, थांबली नाही. "खाचा चुकल्या ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सूर मी धरला होता ना."

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"तू घरची आहेस. बास वाजवणारा काय, दुसरा मिळाला असता."

मी दादाकडे वळले. "तुलाही ठाऊक होतं?" तो झांजेचा स्क्रू सोडवत होता. सुटल्यावरही फिरवत राहिला.