बाजार खाली येईपर्यंत

४ जुलै
मेहुणा पुन्हा येऊन गेला. त्याची बहीण, म्हणजे माझी बायको, अंथरुणाला खिळली होती तेव्हा दोनदा उगवला. आता ती गेल्यावर तिच्या विम्याचे पैसे बँकेत आलेत म्हटल्यावर दर रविवारी हजर! "भाऊजी, पोरगी दोन वर्षांनी बाहेर शिकायला जाणार. फी तिकडच्या चलनात भरायची. पैसेही परदेशी फंडातच घाला." म्हटलं, बाजार केवढा चढलाय, जरा खाली येऊ दे. "मग हप्त्याहप्त्याने घाला." याचं काय जातंय, कमिशन सुटेल.

५ जुलै
तीस वर्षं मी दातांच्या कवळ्या बनवतोय. प्लॅस्टर घट्ट झाल्याशिवाय साचा उघडत नाही. घाई करणाऱ्यांच्या कवळ्या हिरड्यांना टोचतात, मग म्हातारी माणसं त्या ग्लासात बुडवून ठेवतात आणि पातळ पितात. थांबावं कसं हे मेहुण्याने मला शिकवू नये.

२० नोव्हेंबर
चढतोच आहे मेला. कामाच्या टेबलासमोर कागद लावलाय, रोजचा आकडा त्यावर लिहितो. मुलीने विचारलं, "बाबा, घातले का?" म्हटलं, तिकडे निवडणूक आहे, ती होऊ दे.

११ मार्च
निवडणूक झाली. आता व्याजदराचं काय करतात ते बघायचं. मुलगी ताट उचलून आत गेली. तिची आईही अशीच भांडायची — न बोलता.

२ सप्टेंबर
पडला! आठवड्यात बारा टक्के. मेहुण्याचा लगेच फोन, "हीच वेळ आहे, भाऊजी." तो म्हणतोय म्हणजे अजून पडणार.

२३ सप्टेंबर
आज आपणहून फोन केला. घालतो म्हटलं. तर फंडाने नवे पैसे घेणंच बंद केलंय! देशाबाहेर गुंतवायची सरकारी मर्यादा भरली म्हणे. "तीन आठवड्यांपूर्वी घेत होते, भाऊजी." आवाजात काय समाधान होतं त्याच्या. डोकं फिरलं. दुपारी पॉलिश करताना कवळीचा पुढचा दात उडाला. सगळं काम पुन्हा.

९ फेब्रुवारी
मुलीला प्रवेशाचं पत्र आलं. फीचा आकडा पाहिला. आपलं चलन घसरलंय, फी वाढलीय. विम्याच्या पैशांत दोन वर्षांच्या कोर्सचं एकच वर्ष भागेल. मेहुण्याने तिच्यासमोर हिशेब मांडला — पहिल्या रविवारी घातले असते तर दोन्ही वर्षं निघाली असती. विचारलं होतं कुणी?

१६ फेब्रुवारी
आता म्हणतो, "दुसऱ्या वर्षाचे मी देतो. माझी भाचीच आहे ती." मी साफ नाही म्हटलं. जन्मभर त्याचे उपकार कोण ऐकून घेणार? मुलगी दारात उभी होती. मी कवळी हातात घेतली आणि कामाला लागलो.

२ मार्च
तिने कॉलेजला नकार कळवून टाकला. मला जेवायला वाढताना सांगितलं. आवाज चढवला नाही. "तुम्हाला मला पाठवायचंच नव्हतं, बाबा. मला कधीच कळलं होतं." मी बाजाराचं काहीतरी काढलं, ती भात वाढत राहिली. ती गेली असती तर या घरात मी एकटा उरलो असतो. रडू यायला हवं होतं. मला हायसं वाटलं.