दोन व्हायोलिनची टेप

१४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमस्कारापाठोपाठ तक्रार आहे, ती आधी ऐकून घे. माझ्या दोन्ही पत्रांना तू उत्तर दिलेलं नाहीस. दिवसभर स्टुडिओत कान लावून बसतोस, पण बहिणीची हाक काही तुझ्यापर्यंत पोचत नाही. माझ्या दुकानात येणाऱ्यांच्या डोळ्यांना नंबर लागलेला असतो, तुझ्या कानाला लागला असावा.

इकडे सगळं ठीक. दुकानाच्या शोकेसला नवी काच बसवली. हे रोज सकाळी फिरायला म्हणून निघतात आणि कोपऱ्यावर पेपर वाचून घामेजल्यासारखा चेहरा करून परत येतात. आई बरी आहे. व्हायोलिन शिकायला येणाऱ्या मुली मात्र तिने बंद केल्या, दमायला होतं म्हणते. फोनही घेत नाही.

आता मुद्द्याचं. आई आणि अक्कामावशी शेवटच्या एकत्र वाजवायला बसल्या, त्या कार्यक्रमाची टेप सभागृहाच्या अडगळीत सापडून तुझ्याकडे आली, त्याला वर्ष होईल. मावशी त्या कार्यक्रमानंतर लवकरच गेली आणि आईने ते वाजवणं पुन्हा कधी ऐकलं नाही. परवा जेवताना ती एकदम म्हणाली की ती टेप ऐकायला मिळाली तर बरं होईल. आपली आई काही मागत नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. तेव्हा साधी कॅसेट, साधी सीडी, काय असेल त्यावर उतरवून पाठव. आणि लवकर पाठव.

लोभ आहेच, त्याला उत्तराची जोड द्यावी.

तुझी,
धाकटी


२३ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे राग उतरल्यावर घे.

'साधी कॅसेट' वाचून माझ्या अंगावर काटा आला. त्या काळच्या टेपची एक खोड असते. हवेतला दमटपणा पिऊन पिऊन तिच्यावरचा लेप चिकट होतो. तशीच यंत्रावर चढवली तर लेप खरवडून निघतो, आणि आवाज त्या लेपातच असतो. आधी ती मंद उबेच्या पेटीत ठेवून सुकवावी लागते. मग काही आठवडे ती वाजते, पण किती वेळा वाजेल याची हमी कुणी देत नाही. एकदा वाजेल असं धरायचं, तेही जीव मुठीत घेऊन.

म्हणून ती एकदाच आणि सर्वांत चांगल्या यंत्रात उतरवायची आहे. भांडण नेमकं तिथे आहे. सध्या दोन नव्या डिस्क आल्यात, सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी ऑडिओ. दोघी साध्या सीडीपेक्षा कितीतरी बारीक आवाज टिपतात. गज तारेला टेकतो ना, त्याच्या आधीचा वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा. दिसायला जुळ्या, पण एकीचं दुसरीशी पटत नाही: हिच्या प्लेअरवर ती चालत नाही, तिच्यावर ही. एक कंपनी पहिलीसाठी आपलं यंत्र द्यायला तयार आहे, दुसरी दुसरीसाठी. अट दोघींची एकच, टेप फक्त आमच्याकडे उतरवायची. आणि पुढे कोण टिकेल हे कुणालाच ठाऊक नाही. चुकीची निवडली तर उद्या आईचं वाजवणं हातात असेल आणि ते लावायला प्लेअर नसेल.

आमच्या श्रोता मंडळात दोन तट पडलेत. मी सुपरवाला. दातांचे डॉक्टर कट्टर डीव्हीडीवाले. गेल्या बैठकीत आमचं इतकं वाजलं की माझी दाढ ठणकतेय तरी मी त्यांच्या दवाखान्याची पायरी चढत नाही.

एप्रिलपर्यंत काहीतरी नक्की होईल. आईने इतकी वर्षं वाट पाहिली, आणखी थोडी पाहिली तर काय बिघडणार आहे? तिला तसं समजावून सांग.

माया कमी न व्हावी, घाई मात्र व्हावी.

तुझा,
दादा


१ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

धाकटीने तुला टेपबद्दल लिहिल्याचं कळलं. मी सहज बोलून गेले, तिने लगेच मनावर घेतलं. तू तुझ्या मनाजोगतं काम कर. उरकून टाकलेलं काम मला आवडत नाही, मग ते वाजवणं असो की भांडी घासणं.

माझी तब्येत छान आहे. इकडे यायची धावपळ करू नकोस. डॉक्टरांशी भांडलास हे दाढेला कळत नाही, ती दाखवून घे.

तुला माझे आशीर्वाद रोजच असतात, आज कागदावर पाठवते इतकंच.

आई


९ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

आज इकडचं-तिकडचं काही लिहीत नाही. आईने मला शपथ घातली होती, ती मोडते आहे.

डाव्या कानाने तिला लहानपणापासून ऐकू येत नाही. आता उजव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली आहे. पसरणारी नाही, पण मेंदूकडे वाढते आहे, काढावीच लागेल. आणि गाठीबरोबर नसही जाईल. सर्जननी समोर बसवून सांगितलं की जीव वाचेल, ऐकणं वाचणार नाही. सव्वीस तारखेला दुपारी तिला दाखल करायचं आहे. आताच तिला वरचे सूर नीट लागत नाहीत. मुली बंद केल्या त्या म्हणून. फोन घेत नाही तेही म्हणून.

दादाला का कळवायचं नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली की तो टेप कशीबशी उरकेल आणि मग जन्मभर स्वतःला खात बसेल. आणि तू मला लिहितोस, आईला समजावून सांग. तुझं पत्र मी दुकानात वाचलं. समोर गिऱ्हाईक फ्रेम घालून आरशात बघत होतं, त्याला कशी दिसते म्हणून मला सांगताच येईना.

एप्रिलमध्ये तुमची सुपर जिंको नाहीतर डीव्हीडी, आईला दोघी सारख्याच असतील. तू ठरव. मला येता येणार नाही, दुकानाच्या पायरीवरून पडून घोट्याला प्लास्टर घातलं आहे. हे तिला गाडीने घेऊन येतील. तू फक्त कधी ते लिही.

धाकटी


१३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

पत्र वाचलं. आधी तुझ्यावर रागावलो, मग आईवर, आणि मग रागवायला मी एकटाच उरलो.

दोन्ही कंपन्यांना कळवलं की टेप आधी जिची आहे तिला ऐकवणार. एकीने यंत्र देणार नाही म्हणून सांगितलं. दुसरी म्हणाली, वाजवून झालेली टेप आम्हाला नको. ठीक आहे.

टेप पेटीत ठेवली आहे. तिच्यात दोन ठिकाणी जोड आहेत आणि आतून ती कशी आहे हे वाजल्याशिवाय कळायचं नाही. तुला धीराचं काहीतरी लिहावं असं वाटतं, पण खोटं लिहिणार नाही. पंचवीस तारखेला दुपारी आईला घेऊन या. मला कळलं आहे हे तिला सांगून टाक, तिच्यापुढे नाटक करणं मला जमायचं नाही.

घोट्याला जप. तुझ्या शिव्या पोचल्या, त्या योग्य जागी पोचल्या.

दादा


२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

आई आणि जावईबुवा आत्ताच निघाले. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ऑपरेशन होऊन गेलेलं असेल. तू नव्हतीस म्हणून सगळं लिहितो.

मी दोन स्पीकर मोजूनमापून लावले होते. आई बसली आणि म्हणाली की डावीकडच्याचा तिला काही उपयोग नाही. तेव्हा मी दोन्ही बाजू एकत्र करून सगळा आवाज उजवीकडच्या एकाच स्पीकरमधून सोडला. श्रोता मंडळाने पाहिलं असतं तर मला काढून टाकलं असतं. आईने खुर्ची त्या स्पीकरला इतकी चिकटवली की तिचा खांदा त्याला टेकला.

पहिली चीज निर्विघ्न वाजली. आईचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर चालत होता, बोटं बरोबर तिथल्या तिथे पडत होती. मधूनच ती हळू आवाजात सांगायची, ही अक्का, ही मी. मला इतकी वर्षं या धंद्यात काढूनही तो फरक नुसता कळत होता, तिला तो दिसत होता.

दुसऱ्या चिजेच्या मध्यावर टेप किंचाळली. आधी बारीक, मग सरळ वाद्यांच्या वर. मी उठून पाहिलं तर यंत्राच्या हेडवर, टेप जिथे घासून जाते तिथे, तपकिरी भुकटी जमू लागली होती. लेप सुटत होता. चालू ठेवली असती तर आईला किंचाळण्यातून का होईना शेवटपर्यंत ऐकता आलं असतं, पण टेप संपली असती. थांबवली तर पुन्हा सुकवून ती वाचण्याची शक्यता होती, पण त्याला वेळ लागतो आणि आईकडे तो नव्हता. माझं बोट बटणावर होतं आणि ते दाबलं जाईना, उचललंही जाईना. जावईबुवा कधी माझ्याकडे बघत, कधी आईकडे.

आईने हात वर केला.

"थांबव," ती म्हणाली. "पुढचं मला पाठ आहे."

मी थांबवली. मग तिला म्हटलं की टेप काय तुझ्याहून मोठी आहे का, चालू दे, जाऊ दे गेली तर. तिने ऐकलं नाही. ऐकणारे अजून पुष्कळ आहेत, एवढंच म्हणाली आणि चहा मागितला.

चहा झाल्यावर मला वाटलं की आडवी होईल. पण तिने मला स्टूल घेऊन उजवीकडे बसवलं आणि बोलायला सांगितलं. काय बोलू विचारलं, तर काहीही चालेल म्हणाली. मी जेवणापर्यंत बोलत होतो. मंडळाची भांडणं, दातांचे डॉक्टर, लहानपणी तू माझ्या शाईच्या दौतीत पाणी घालायचीस ते. ती डोळे मिटून बसली होती. मी थांबलो की हाताने पुढे चल म्हणायची.

टेप गुंडाळून ठेवली आहे. ऑपरेशनचं काय झालं ते आधी कळव, बाकी सगळं नंतर.

दादा


१० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. आई घरी आली. गाठ पूर्ण निघाली. ओठाची उजवी बाजू थोडी खाली ओढली गेली आहे, ती भरून येईल म्हणतात. ऐकू काहीच येत नाही. शुद्धीवर आल्यावर तिने पाटी मागून घेतली आणि लिहिलं, टेप पुन्हा पेटीत ठेवली का ते विचार. बोलता येत असूनही लिहिलं. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, याची तिला अजून सवय व्हायची आहे.

हे तिच्याशी बोलताना इतके ओरडतात की शेजारचे दार उघडून बघतात. मी सांगून थकले की ओरडून उपयोग नाही, लिहा. घरभर चिठ्ठ्या झाल्या आहेत. तू तिला मोठी पत्रं लिहीत जा. ती दारातच उघडते.

प्लास्टर निघालं. लोभ पूर्वीसारखा झाला आहे, तो सांभाळावा.

धाकटी


१८ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न.

टेप पुन्हा सुकवली, या वेळी जास्त वेळ. मग एक गंमत झाली. दातांच्या डॉक्टरांना तुझं कळलं तसे ते स्वतः स्टुडिओत आले. ओळखीने त्यांनी त्यांच्या पद्धतीचं यंत्र मिळवलं होतं, मी माझ्या पद्धतीचं भाड्याने आणलं. टेप एकदाच फिरली आणि दोन्हींत एकदम उतरली. अटी घालायला या खेपेला कुणी नव्हतं. टेप फिरत असताना आम्ही दोघं शाळेतल्या मुलांसारखे हाताची घडी घालून बसलो होतो. शेवटपर्यंत ती एकदाही किंचाळली नाही. दाढ त्यांनीच काढली. डिस्क कोणती काढायची यावर मंडळ अजून भांडतंय, भांडू दे.

तुला सांगायचं आहे ते वेगळंच. वाजवणं संपल्यावर टाळ्या आहेत, मग खुर्च्यांचे आवाज. माइक बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नसावं. माइकच्या अगदी जवळ अक्कामावशी हळू बोलते. आम्ही हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं, शब्द बरोबर असल्याची दोघांची खात्री झाल्यावरच लिहितो आहे. ती म्हणते:

"आज तू माझ्यापेक्षा चांगलं वाजवलंस. कुणाला सांगू नकोस."

मग तू हसतेस. मग टेप संपते.

ऐकवता येत नाही, म्हणून जमेल तितक्या चांगल्या अक्षरात लिहिलं.

तुझा,
थोरला


२५ एप्रिल

चि. थोरल्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग धाकटीला दिलं. ती डोळ्यात कचरा गेला म्हणून उठून गेली. चष्मे विकणारीला दुसरं कारण सुचलं नाही.

अक्का तसं म्हणाली होती. मला चांगलं आठवत होतं. पण त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही आणि हळूहळू मला वाटायला लागलं की हे मीच मनाशी रचलं आहे. तिने कधी कुणाला बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, मग मलाच कशी म्हणेल? इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. तिने बजावलं होतं म्हणून नव्हे. खरं की खोटं असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, म्हणून.

डॉक्टरांना माझा नमस्कार सांग, आणि आता भांडू नका. डिस्क कोणतीही काढा, तेवढं कापू नका.

तुझी,
आई