बायकोने सरकारला दिलेला शब्द

डनीडिन, शनिवार

आदरणीय ॲलिस्टरराव यांस, तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे मर्विन होल्बरोचा, सादर नमस्कार.

तुमचा गुडघा आता वाकतो का? मेंढ्यांची कातरणी आटोपली असेल. इन्व्हरकार्गिलहून धाडलेले चीज रोल पोचले आणि बघता बघता संपले. (निम्मे जोसलिनने विद्यापीठात नेले. कुणासाठी, ते पुढे येईलच.)

तुमच्या बहिणीबद्दल तुम्हालाच लिहायला हात धजत नाही, पण तुम्ही थोरले. हल्ली जोसलिन आठवड्यातून दोनदा विद्यापीठातल्या एका बंद खोलीत जाते. बरोबर डॉक्टर तेविता नावाचा, टोंगा बेटांकडचा एक तरणाबांड गडी असतो. खांदे असे, की दारातून तिरकं होऊन जावं लागतं. त्या खोलीत सरकारने देशभरच्या शाळांची, दवाखान्यांची, भाड्याच्या घरांची माहिती माणसांची नावं खोडून एकत्र ठेवली आहे, आणि सारखी घरं बदलणाऱ्या मुलांची शाळा नेमकी कुठे सुटते हे ही दोघं तीत शोधतात. काम चांगलं आहे. मी हेडमास्तर होतो, मला कळतं. पण कायदा असा, की आत जाण्याआधी शपथेवर सही करायची आणि आत पाहिलेलं जन्मभर बाहेर बोलायचं नाही. (आमच्या लग्नाच्या शपथेत इतकी कलमं नव्हती.) संध्याकाळी ती गालातल्या गालात हसत घरी येते. मी विचारतो, काय झालं? ती म्हणते, सांगता येत नाही. परवा नुसतं विचारलं, तुम्ही दुपारी जेवायला किती जण होतात, तर म्हणाली, "आकडा सहाच्या आत असेल तर जाहीर करत नाहीत, माणूस ओळखू येतो." थट्टाच होती, पण मी ताट तसंच टाकून उठलो.

शेवटी मी स्वतःच आत जायचा अर्ज केला. खोलीचा कारभार नायरीबाईंकडे आहे. बोलायला गोड, नियमाला कडक. अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला.

"यातून लोकांचं काय हित होणार, मास्तर?"

"एका घरात शांतता नांदेल."

"म्हणजे तुम्हाला एकाच माणसाबद्दल जाणून घ्यायचंय?"

"दोन."

"कायद्यात तेच तर बसत नाही," त्या म्हणाल्या. "इथे लाखो माणसं एकत्र बघायची. एकट्यादुकट्याचा माग काढायचा नाही."

मग मी बाहेरच्या बाकावर ठाण मांडलं. थोड्या वेळाने तेविता बाहेर आला आणि माझ्याच शेजारी धप्पकन बसला. भांडण कुठून सुरू करावं हे मी जुळवत होतो, तेवढ्यात त्याने डब्यातला चीज रोल (तुमचाच) माझ्यापुढे धरला.

"सर, बाई घरी तरी बोलतात का हो?"

"का बुवा?"

"आत माझ्याशी नाही बोलत. आकड्यांशी बोलतात. मी मधे काही विचारलं की 'शू' करतात. आज तर बाहेरच घालवलं."

ॲलिस्टरराव, ज्याच्यावर मी इतके दिवस जळत होतो, तो माझ्याहून करपलेला निघाला. आम्ही दोघांनी गुपचूप रोल खाल्ले. तेवढ्यात नायरीबाई आत गेल्या आणि दार लागण्याआधी जोसलिन मला क्षणभर दिसली. पडद्यावरच्या आकड्यांकडे टक लावून पुढे वाकलेली, ओठ हलताहेत. लग्नाआधी ती माझ्याकडे तशी बघायची. आता ती तेविताकडे तशी बघत असती, तर भांडून मोकळा झालो असतो. पण जळायचं कुणावर, तर ज्यांची नावंही उरली नाहीत अशा लाखभर पोरांवर, आणि त्यातली काही माझ्याच शाळेतून निसटलेली असणार.

वहिनींना नमस्कार. उत्तराची वाट बघतो.

तुमचा,
मर्विन

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. लहानपणापासून ती तुमच्यापाशी सगळं बोलते. तेव्हा रविवारी फोनवर सहज म्हणून विचारा, की आत असं आहे तरी काय. आणि मला कळवा. कायद्यात भावाचं नाव कुठेही नाही, मी वाचून पाहिलं आहे.

आणखी ता. क. दादा, मी जोसलिन. पत्र टपालात टाकायला त्याने माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. कायद्यात भाऊसुद्धा येतो, तेव्हा विचारू नकोस. हा हेडमास्तर होता तेव्हा मी रोज संध्याकाळी विचारायची, आज शाळेत काय झालं? सबंध नोकरीभर एकच उत्तर मिळालं, "विशेष काही नाही." आणि त्याच्यावर तर कुठल्या कायद्याची बंदी नव्हती.