जैतूनच्या घरचा डबा

प्रिय विठ्ठल गुरुजी,

सलाम आणि रामराम, दोन्ही एकदमच घे. वहिनींचा गुडघा काय म्हणतो? रामनगरात तुझी शाळा भरते ना? माझा मदरसा इथे कॅसलरॉकला भरतो, पण पोरं मला बघून अशी गप्प होतात की भिंतींनाच अरबी शिकवतोय असं वाटतं. जीव विटलाय रे माझा.

घात केला त्या बेळगावच्या शिबिरानं. आम्हा उस्तादांना सांगितलं, छडी टाका, मुलांशी प्रेमानं बोला, घरचं विचारा, चारचौघांत कौतुक करा. (सांगणारे साहेब चहा गार म्हणून खेकसत होते, ते सोड.) माझं जेवण घरोघरच्या पाळीनं येतं आणि ज्या घरची पाळी त्या घरचं पोर डबा आणतं, हे तुला ठाऊक आहेच. त्या दिवशी जैतून आली. वय आठ, आवाज असा की तिनं सबक म्हणायला घेतला की मालगाडीचीही धडधड ऐकू येऊ नये. मी प्रेमानं विचारलं, आज कुणी रांधलं? म्हणाली, अब्बांनी. झालं! मी भर वर्गात मकतुमभाईंचं कौतुक केलं, बाप असावा तर असा! (आमटीत मीठ मूठभर होतं, तरी.) तिची आई रुसून लोंढ्याला माहेरी गेलीय आणि त्या घरानं ते झाकून ठेवलंय, हे मला कोण सांगणार? संध्याकाळपर्यंत पोरांनी बातमी घरोघर पोचवली. मकतुमभाईंच्या चहाच्या गाड्यावर लोक चहा कमी पिऊ लागले आणि चौकशीच जास्त करू लागले.

ते येऊन एवढंच म्हणाले, "उस्ताद, पोरीला कुराण वाचाया शिकवा म्हटलं हुतं, आमचं घर न्हाई." तेव्हापासून जैतून येत नाही. बाकीच्यांना काही विचारलं तर "बरं हाय" म्हणून तोंड मिटतात. घरचं बोललं तर उस्ताद दवंडी पिटतो, हे त्यांना कळलंय. लाज वाटते रे मला.

तेव्हा गुरुदासशेटच्या किराणा दुकानात माझ्यासाठी जागा आहे का, तेवढं विचार. पोत्यांशी बोलायला जमेल मला.

तुझा,
दस्तगीर

ता. क. विचारशील ना? विसरू नकोस.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात जैतून डबा घेऊन दारात. पाळी तिची नव्हती. म्हणाली, "उस्ताद, जेवा. पन कुणी रांदलंय त्ये इचारू नकासा." मी विचारलं नाही. झाकण काढलं, तर मीठ मूठभर. चाटूनपुसून खाल्लं. तेव्हा ती चटईवर बसली आणि तिनं सबक म्हणायला घेतला. शेटना काही बोलू नकोस. आणि हे वहिनींनाही सांगू नकोस. खरं तर तुलाही सांगायला नको होतं.