मुंबईवरची रेघ

३ सप्टेंबर १९५६, सोमवार
आजपासून नवं आयुष्य. मागचं नवं आयुष्य गुढीपाडव्याला सुरू केलं होतं, ते धरायचं नाही. तेव्हा पुस्तक नव्हतं.

पुस्तक काल अफझलगंजला फुटपाथवर मिळालं. विषय मनोबल. त्यात स्पष्ट लिहिलंय की माणसाला खाली ओढतात ते त्याचेच पडखाऊ विचार. मला हे आधीच ठाऊक होतं, फक्त छापलेलं कधी पाहिलं नव्हतं. कचेरीत जसा पेशकार असतो, साहेबापुढे कागदांची मिसल ठेवता ठेवता हळूच 'यात काही दम नाही हुजूर' असं सांगणारा, तसा एक पेशकार माझ्याही आत बसलेला आहे. अडतीस वर्षं त्यानं माझी प्रत्येक मिसल नामंजूर करवली. आता बास.

आजच ऑफिसात फॉर्म वाटले. १ नोव्हेंबरला हैदराबाद स्टेट मोडणार. तेलुगू भाग आंध्र प्रदेशात, आपला मराठवाडा मुंबई राज्यात. कुणाला कुठे जायचं ते ज्यानं त्यानं भरून द्यायचं. मुदत २९ सप्टेंबर. सुशीलाला नांदेडला जायचंय. तिची आई, सावित्रीबाई, तिथं एकटीच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चूल पेटवताना दोनदा पदर पेटला. लग्नात मी शब्द दिला होता की संधी आली की नांदेडला बदली घेईन. सात वर्षांनी संधी आली. फॉर्म उद्या सकाळी, ताज्या मनानं भरायचा.

४ सप्टेंबर
आरशासमोर वीस वेळा म्हणालो: "मी निश्चयी आहे. माझी कृती तत्काळ आहे." चौदाव्या वेळी दाढीचा साबण वाळला, पुन्हा लावला. ऑफिसला चाळीस मिनिटं उशीर. फॉर्म घरी राहिला.

सुशीलानं तिचा अर्ज कालच पाठवला म्हणे. नांदेडच्या मुलींच्या शाळेत, मास्तरणीच्या जागेसाठी. डाळ शिजेपर्यंत लिहून टाकला. बायकांना आधी मन तयार करावं लागत नाही, त्यामुळे त्यांचं उरकतं लवकर.

८ सप्टेंबर
गणपती बसले. फॉर्म मखराच्या मागे ठेवलाय, म्हणजे बाप्पाची नजर राहील. विसर्जनाआधी हलवता येणार नाही.

१२ सप्टेंबर
आमच्या टेबलावरच्या गौस मियाँनी आज त्यांचा फॉर्म भरला. चहा निवायच्या आत. ते इथलेच, इथंच राहणार, त्यांना काय विचार करायचा. मला म्हणाले, एक दस्तखत का काम है नरहरराव, इत्ता क्या सोचते जी. मी त्यांना विलपॉवर समजावून सांगितली. आधी अंतर्मनाची मशागत, मग सही. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि माझ्या डब्यातली भजी संपवली.

१५ सप्टेंबर
पेशकारानं आज सकाळी पुन्हा डोकं वर काढलं. म्हणतो, 'चौदा दिवस उरले, आज भरून टाक.' मी लगेच ओळखलं. वरवर सल्ला वाटतो, आत भीती आहे. 'उशीर होईल' हा पडखाऊ विचारच. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे खोल श्वास घेऊन त्याला हाकलला. दहा मिनिटांत मन अगदी स्वच्छ. फॉर्मचं नावसुद्धा आठवेना.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण 'प्रत्यक्ष कृती' आहे. त्याची पानं छापखान्यातून कापल्याशिवायच आली आहेत. सुरी शोधली. मिळाली नाही.

२१ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. आता अमावास्येपर्यंत शुभ काम नाही. हे सुशीलाला सांगितलं तर म्हणाली, "फॉर्म भरायलात का मुंज लावायलात?" नांदेडची माणसं अशी तडकाफडकी बोलतात. मुदत पितृपक्षातच संपते, याला मी काय करू? सरकारनं पंचांग बघायला हवं होतं.

२५ सप्टेंबर
आज भरपूर काम झालं. नांदेडचा दिनक्रम लिहून काढला. पहाटे साडेचारला गोदावरीवर स्नान, मग दंड पंचवीस, मग इंग्रजी सुधारणे. दोन वर्षांत हेडक्लार्क, पाच वर्षांत नायब तहसीलदार. शिवाय इथल्या निरोपसमारंभाचं भाषण लिहिलं. आठ पानं. सहाव्या पानावर मला स्वतःलाच भरून आलं. सुशीलाला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, फॉर्म कुठाय.

फॉर्म सापडत नव्हता. मखराबरोबर माळ्यावर गेला होता. तिनंच काढून दिला. एका कोपऱ्याला कुंकू लागलंय, हा शुभशकुन.

२९ सप्टेंबर, शनिवार, सकाळी ११.४०
भरला!

पितृपक्षाचं म्हणाल तर उजव्या हातानं सही करून डाव्या हातानं दिला, म्हणजे दोष अर्धा. आतला पेशकार शेवटपर्यंत कुरकुरत होता, 'खालची सूचना वाच' म्हणून. फॉर्म इंग्रजीत. इंग्रजी मला येतं, पण बारीक अक्षरातल्या सूचना माणसाला घाबरवण्यासाठी असतात, त्या मी आता वाचत नाही. वर दोन नावं शेजारी शेजारी छापलेली: आंध्र प्रदेश, मुंबई. आम्ही उर्दू दफ्तरात वाढलेली माणसं. मिसलीत महत्त्वाचं नाव आलं की त्याच्या डोक्यावर आडवी रेघ ओढायची, हे वडिलांनी मला हात धरून शिकवलं. मी मुंबईच्या डोक्यावर अशी रेघ ओढली की बघत राहावं. निब जरा खाली घसरलं, पण रेघ ठसठशीत आली. हातात विलपॉवर उतरली की असंच होतं.

फॉर्म घेणारा कारकून नवीन आहे, मद्रासकडचा. त्यानं रेघेकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. प्रभाव पडला असावा.

५ ऑक्टोबर
सुशीलाला नांदेडच्या शाळेची ऑर्डर आली. दिवाळीनंतर हजर व्हायचं. आरशासमोरच्या माझ्या सूचनांचा परिणाम आता घरातल्या इतरांवरही होऊ लागला आहे.

तिनं इथल्या शाळेचा राजीनामा दिला. तुळस शेजारी दिली. ट्रंक उन्हात ठेवली. संध्याकाळी भांडी कागदात गुंडाळताना गुणगुणत होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी गुणगुणायची, नंतर कधी बंद झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. फार बरं वाटलं. हे मी केलं, असं मनात आलं आणि छाती जरा पुढे आली.

१४ ऑक्टोबर, दसरा
तारनाक्याला एकनाथरावांकडे सोनं द्यायला गेलो. माझ्याबरोबर नोकरीला लागलेले, त्यांनीही मुंबई राज्यच मागितलंय. आठ-दहा मंडळी जमली होती म्हणून निरोपाचं भाषण तिथंच करून टाकलं. आठही पानं. एकनाथरावांच्या घरी श्रीखंड बेतानंच केलं होतं, ते पाचव्या पानाला संपलं. पुढची तीन पानं लोकांनी उपाशीपोटी ऐकली, यावरून भाषणाची पकड कळावी.

२७ ऑक्टोबर, शनिवार
यादी लागली.

एकनाथराव, नांदेड. मी, आंध्र प्रदेश, हैदराबाद. तीनदा वाचलं. मग दुसरा कुणी नरहर असेल म्हणून वडिलांचं नाव पाहिलं. आमचेच वडील.

सुपरिंटेंडेंट साहेबांनी फॉर्म काढून दाखवला. म्हणाले, खाली स्पष्ट लिहिलंय, जे नको असेल ते खोडा. तुम्ही मुंबई खोडलीत. मी म्हणालो, ही खोडलेली नाही, ही गौरवाची रेघ आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. गौस मियाँ मागून डोकावले आणि हळहळले, अरे अरे, बंबई को तो काट दिये जी आप. मग त्यांनीच साहेबांना उर्दूची पद्धत समजावली. ते नसते तर साहेबांनी मला वेडातच काढलं असतं.

साहेब माणूस चांगला. म्हणाले, चार ओळींचा अर्ज द्या, बुधवारी दुपारी बारापर्यंत. बाराला दफ्तर बांधलं जाईल. त्याच्या आत आला तर मी दुरुस्ती करून घेतो.

फक्त चार ओळी! माझ्यासारख्याला चार ओळी म्हणजे काय! सुशीलाला सांगितलं नाही. अपयशाचा उच्चार केला की ते बळावतं, असं पुस्तकात आहे.

२८ ऑक्टोबर
अर्जाचा मसुदा. अकरा ओळी झाल्या. सुशीला गाद्या बांधत होती. काय लिहायलात, विचारलं. मी म्हणालो, भाषणाची दुरुस्ती.

२९ ऑक्टोबर
मसुदा दुसरा. यात उर्दू लेखनातल्या रेघेचा इतिहास घातला. सव्वादोन पानं.

पेशकार सारखा एकच घोकतोय, चार ओळी, चार ओळी. त्याला इतिहासाची गोडीच नाही.

३० ऑक्टोबर
मसुदा पक्का झाला. 'नम्र' की 'सविनय' एवढंच राहिलं.

३१ ऑक्टोबर, बुधवार
सविनय.

सकाळी आरशासमोर वीसऐवजी चाळीस वेळा म्हणालो, कारण दिवस तसाच होता. मग काचीगुड्याहून निघालेली बस उद्याच्या सोहळ्याच्या कमानी उभ्या करताहेत म्हणून वळवली. ऑफिसात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. व्हरांड्यात लाल कापडात बांधलेले बस्तेच बस्ते. साहेब बाहेर गेलेले. मी डगमगलो नाही. अर्ज त्यांच्या टेबलाच्या खणात नीट ठेवला, वर पेपरवेट ठेवला आणि समाधानानं पान खाऊन आलो.

परत येतो तो टेबल नाही. वाटणीत ते टेबल पलीकडे गेलं होतं. शिपायानं सांगितलं, औरंगाबादच्या लॉरीवर चढलंसुद्धा. खणासकट.

माझा अर्ज मुंबई राज्यात रवाना झाला. मी आंध्रात. बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिलो. टेबलाच्या चार पायांचे चार डाग फरशीवर होते.

१ नोव्हेंबर, गुरुवार
शहरात मिरवणुका, ताशे. घरी सुशीलाला सगळं सांगितलं. रेघेपासून खणापर्यंत. तिनं गोधडीची घडी घालता घालता ऐकलं. मला वाटलं रडेल किंवा ओरडेल. तिनं फक्त विचारलं, चार ओळी का नाही लिहिल्या. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सव्वादोन पानांचं होतं.

गोधडी ट्रंकेत ठेवून म्हणाली, मी जाणार. आईला चूल दिसत नाही.

मी पुस्तकातलं म्हणायला गेलो, की प्रत्येक अडथळा ही एक पायरी असते. तिनं हात वर केला. सात वर्षांत तिनं असा हात वर केलेला मी पाहिला नव्हता.

७ नोव्हेंबर, सकाळ
काचीगुडा स्टेशन. मनमाडची गाडी. एकनाथरावही त्याच गाडीनं, सहकुटुंब. तिची ट्रंक त्यांनीच चढवली, मी तोवर हमाल निश्चयानं शोधत होतो.

खिडकीतून म्हणाली, जेवत जा वेळेवर. मी म्हणालो, सहा महिन्यांत बदली करून घेतो, बघच तू. तिनं मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते गाडी हलल्यामुळे कळलं नाही.

घरी आल्यावर आरशासमोर उभा राहिलो. वाक्य सुरू केलं आणि तिसऱ्या शब्दाला थांबलो. माझंच तोंड मला खोटं वाटलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. बहुतेक उपाशी असल्यामुळे.

१२ नोव्हेंबर
गौस मियाँ डबा घेऊन आले होते. बायको नाही म्हणून त्यांच्या घरून खट्टी दाल आली. त्यांनी अदलाबदलीच्या अर्जाची चौकशी करून ठेवली आहे. औरंगाबादच्या कुणाला इकडे यायचंय, तो आणि मी. दोघांच्या सह्या हव्यात. म्हणाले, कल मेरे साथ चलो, बैठ के लिखेंगे. मी म्हणालो, नक्को, घाई नक्को. आधी मन थाऱ्यावर येऊ दे. ते उठले. डबा तेवढा धुऊन परत करा म्हणाले.

१९ नोव्हेंबर
अदलाबदल झाली. औरंगाबादच्या त्या गृहस्थाची आणि आमच्याच सेक्शनमधल्या दत्तोबाची. दत्तोबा कुठलंही पुस्तक वाचत नाही.

२६ नोव्हेंबर
सुशीलाचं पत्र आलं. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर सावित्रीबाईंनी पहिलं विचारलं, जावई कुठायत. सुशीला लिहिते: "आठवड्यात येतील म्हणून सांगितलं. खोटं बोलताना जीभ अडखळली. तुमच्यासारखी सवय नाही मला."

पाच वेळा वाचलं. या वेळी मसुदा केला नाही. पोस्टकार्ड घेतलं आणि सरळ लिहिलं: 'सुशीला, माझी चूक झाली. तुझ्याशिवाय घर खायला उठतं. मला भीती वाटते म्हणून मी उद्यावर ढकलतो, दुसरं काही नाही.' तीन ओळी. पत्ता लिहिला आणि लगेच कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आलो. येणं-जाणं मिळून चार मिनिटं. आयुष्यातली पहिली तत्काळ कृती.

घरी येऊन बसल्यावर आठवलं, पत्त्यात सवयीनं 'जिल्हा नांदेड, हैदराबाद स्टेट' लिहिलंय. ते स्टेट आता नाही.

तरी पोचेल. नांदेड काही हललेलं नाही. मीही नाही.