वरिष्ठ सभागृहाची घरगुती चाचणी

३ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. उद्या इतिहासकारांची पंचाईत नको.
योजना पूर्ण. देशाच्या वरिष्ठ सभागृहात पक्षाच्या मर्जीतली माणसं जाऊन बसतात, लोकांना कोणी विचारत नाही. यापुढे लोकांनीच थेट निवडायची, तीही पसंतीक्रमानं. एक, दोन, तीन, चार, प्रत्येक आकडा एकदाच. पहिल्या पसंतीचा उमेदवार पडला तर दुसरी मोजायची. एकही मत फुकट नाही.
वर्तमानपत्राच्या संपादकांना तिसऱ्यांदा पाठवली. उत्तर नाही. विचार करत असणार.

६ मार्च
शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना योजना समजावली. डोळे मिटून एकाग्रतेनं ऐकत होते. कलम चारला घोरायला लागले.
ही गेल्यापासून ऐकणारं कोणी उरलं नाही. ती निदान भाजी निवडता निवडता हं हं म्हणायची.

९ मार्च
बाथरूममध्ये पाय घसरला. कोपर खरचटलं, एवढंच. पोस्टमास्तरांनी चोंबडेपणा करून तिन्ही मुलांना फोन केले. तिघंही म्हणाली, बाबा, आता एकटं राहायचं नाही. कोणाकडे, ते ठरवून सांगतो.

१२ मार्च
अजून ठरत नाही. साहजिक आहे. तिघांनाही मी हवा, रस्सीखेच चालली असणार. कोणी कोणाचं मन मोडायचं?
उपाय माझ्याच हातात! देशाच्या आधी घरात चाचणी. मतदार तीन. उमेदवार : थोरल्याचं घर, लेकीचं घर, धाकट्याचं घर. चौथा ‘आहे तिथेच’, निव्वळ शोभेला. मतदान गुप्त. मतं पोस्टमास्तरांच्या फोनवर पाठवायची.
लेक म्हणाली, बाबा, हे काय नवीन खूळ? मग म्हणाली, गुप्त ना, नक्की?

१४ मार्च
प्रत्येकजण पहिली पसंती स्वतःच्याच घराला देणार. म्हणजे बरोबरी. सगळी भिस्त दुसऱ्या पसंतीवर.
बॅग भरून ठेवली. स्वेटर घेतला, थोरल्याकडे थंडी फार. काठीही घेतली, लेकीकडे लिफ्ट नाही.

१५ मार्च, दुपारी
पोस्टमास्तर आले, पण बसेनात. म्हणाले, फोनमधलं सगळं पुसलं गेलं, जाऊ द्या. मी ठणकावलं, मतमोजणी पारदर्शकच हवी. तेव्हा बराच वेळ चष्मा पुसून त्यांनी निकाल सांगितला. ‘आहे तिथेच’ला तिन्ही पहिल्या पसंत्या.
एकमत! दुसरी पसंती मोजावीच लागली नाही. इतका स्वच्छ निकाल कुठल्याच देशात लागला नसेल. संपादकांना लगेच कळवतो.

१५ मार्च, संध्याकाळी
कळवलं नाही. स्वेटर कपाटात ठेवला.
थोरल्याचा फोन. म्हणाला, स्वयंपाकाला बाई लावू या. बरं म्हणालो. घर आज खायला उठलंय.
योजनेत एक त्रुटी सापडली. या निवडणुकीत मलाच मत नव्हतं. मीच ठेवलं नव्हतं, गरज वाटली नाही. असतं तरी उपयोग नव्हता म्हणा. मी तिन्ही घरांपुढे एक, एक, एक असंच लिहिलं असतं, आणि नियमानं ते मत बाद झालं असतं.