पांढरे मोजे घालून घरभर

व्हाइटफील्ड, बेंगळूर
गुरुवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. मात्र तो मनातल्या मनात घातला असं समज, कारण सध्या आमच्या घरात जमिनीवर आडवं होण्याची सोय नाही. का, ते सांगायलाच हे पत्र. तुझा गुडघा कसा आहे? कानाचं नवीन यंत्र लावतेस, की डबीत ठेवून डबीलाच जपतेस? (फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ उरलेला नाही. तू सगळ्याला "बरं, बरं" म्हणतेस आणि मागाहून माझ्या तनयला फोन करून विचारतेस, तुझी आई काय म्हणत होती रे.) धारवाडला तुझ्या अंगणातली अबोली फुलली असेल. इथे सकाळी धुकट असतं आणि दहाला असं कोवळं ऊन पडतं, की हातातलं काम हातातच राहतं.

तर अक्का, घरात पिसवा झाल्या आहेत. झाल्या फेब्रुवारीत, आणि आता गौरी-गणपती तोंडावर आले.

आधीचं तुला माहीतच आहे, कारण ते तूच केलंस. जानेवारीत मी न्हाणीघरात घसरले आणि कमला कामाला येईपर्यंत दोन तास तिथेच बसून होते. (बसून काय करणार? शाळेतल्या सगळ्या प्रार्थना म्हटल्या. दुसऱ्या कडव्यापर्यंत आठवतात, पुढे नुसती चाल आठवते.) हे मी तुला पत्रात हसत हसत लिहिलं आणि तू न हसता तनयला कळवलंस. मी रागावले नाही. मधे तीन आठवडे माझं पत्र आलं नाही ते टपालाच्या गोंधळामुळे. पण तनयने ठरवून टाकलं, आईने आता एकटं राहायचं नाही, बेळ्ळंदूरला आमच्याकडे यायचं. चौदावा मजला. खिडकीतून तळं दिसतं, आणि वारा उलटा असला तर नाकालाही कळतं. तिथल्या सोसायटीला मांजरं चालत नाहीत. म्हणून बिशप आणि शेवंतीसाठी त्याने होसकोट्याच्या पुढे एक 'छान जागा' शोधली आहे. फोटो दाखवले मला. जागा खरंच छान आहे, झाडं आहेत, पत्र्याची सावली आहे. पण अक्का, फोटोतली सगळी मांजरं फाटकाकडे तोंड करून बसली आहेत.

मी तयार आहे, हे आधीच लिहून ठेवते. बॅगसुद्धा भरून ठेवली. अडचण फक्त पिसवांची. सूनबाईंचं, म्हणजे आसावरीचं, म्हणणं आहे, "आई, आय मीन, तुम्ही कधीही या, तुमचंच घर आहे, पण पिसवा हंड्रेड पर्सेंट गेल्याशिवाय नको, प्लीज. सौम्याची स्किन किती सेन्सिटिव्ह आहे!" (पुण्याची असली तरी मुलगी गोड आहे.) नातीच्या कातडीपुढे काय बोलणार? पाडव्याला जायचं होतं, ते अक्षय्य तृतीयेवर गेलं, तेही गेलं.

बिशप म्हणजे तोच काळा बोका, गळ्याशी पांढरी पट्टी असलेला. शेवंती पिवळी. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, त्यातली साडेतीन वर्षं ही दोघं माझ्याशी बोलतात. पहिली पिसू सापडली बिशपच्या त्या पट्टीवर. मी त्याला खिडकीशी उजेडात धरला, केस बाजूला सारले, आणि अक्का, एकदम मी आठ वर्षांची झाले. सोमवारची सकाळ, शाळेचा व्हरांडा, मेणाच्या पॉलिशचा वास, आणि सिस्टर अगाथा दोन पेन्सिलींनी माझे केस विंचरून बघताहेत. आठवतं तुला? माझ्या डोक्यात ऊ निघाली. डोकं स्वच्छ होईपर्यंत घरी, असा नियम. मी त्या लांबच लांब व्हरांड्यातून रडत निघाले, आणि तू सातवीच्या रांगेतून बाहेर येऊन म्हणालीस, "सिस्टर, माझ्याही डोक्यात आहेत." तुझ्या डोक्यात काही नव्हतं. आईने फणी फिरवून फिरवून पाहिलं, शिकेकाईचा वास तेवढा निघाला. मग सहा दिवस आपण दोघी घरी, पेरूच्या झाडाखाली, डोक्याला फडकी बांधून. सातव्या दिवशी आईने माझे केस तपासले, एकही सापडेना. तू मागून वाकून पाहिलंस आणि म्हणालीस, "एक दिसली." आईने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फणी खाली ठेवली आणि म्हणाली, "मग अजून चार दिवस." तनय लहान असताना ही गोष्ट मी त्याला इतक्यांदा सांगितली, की शेवटचं वाक्य तोच म्हणायचा.

असो. तू पत्रातून सल्ला दिलास की आईने आपल्याला केलं तसंच कर, तेल थापून न्हाऊ घाल. मी तुझं लहानपणापासून ऐकत आले आहे. बिशपला पाटावर बसवलं, खोबरेल कोमट केलं, कमलाने मागचे पाय धरले. टाळूवर तेल पडेपर्यंत तो विचारात होता. मग त्याचा विचार झाला. तो पाटावरून ओट्यावर, ओट्यावरून पडद्यावर, पडद्यावरून हॉलमध्ये गेला, जिथे तनय त्या दिवशी माझ्याकडे येऊन ऑफिसचं काम करत बसला होता. लॅपटॉपच्या पडद्यावर सहा माणसं गंभीर चेहऱ्याने काही ठरवत होती. त्यांना एकाएकी तनयच्या जागी एक तेलकट बिशप दिसला. त्यातल्या एका बाईंनी "हाऊ स्वीट" म्हटलं, म्हणून नोकरी राहिली. कमला म्हणाली, "अम्मा, दिवाळीच्या आधी अभ्यंग केलं की असंच होतं." पिसवांना तेल मानवलं. बिशपचे केस दोन आठवडे असे चकाकत होते, की शेवंतीने त्याच्याशी नव्याने ओळख करून घेतली.

मग कमलाने शेजारच्या कुत्र्याची पावडर आणली. ती लावणार, तेवढ्यात सुदैवाने डॉक्टर अनुषा आल्या. त्या आमच्या मांजरांच्या डॉक्टर, वयाने इतक्या लहान की मी त्यांना आधी खडीसाखर दिली. त्यांनी पावडर पाहिली आणि खडीसाखर खाली ठेवली. कुत्र्याचं औषध मांजराचा जीव घेऊ शकतं म्हणे. त्यांनी दोघांच्या मानेवर थेंब सोडले, दर महिन्याला सोडा म्हणाल्या, आणि मग मला समोर बसवून सांगितलं की मांजरावर दिसतात त्या पिसवा म्हणजे नुसते पाहुणे, सगळं बिऱ्हाड घरात आहे. अंडी मिठाच्या कणांसारखी मांजराच्या अंगावरून गळतात, सतरंजीत, फटींत, कोचाच्या पोटात जातात. रोज झाडा, गरम पाण्यात धुवा, उन्हात टाका. आणि संध्याकाळी दिव्याखाली साबणाच्या पाण्याची ताटली ठेवा, त्या उजेडाकडे उड्या मारतात.

मी पितळी ताटली ठेवली, ह्यांचा टेबलावरचा दिवा ठेवला. दिवेलागणीला कमला आली, तिने वाकून नमस्कार केला. मी काही बोलले नाही. (नमस्काराच्या मधे बोलू नये.) दुसऱ्या दिवशी ताटलीभोवती रांगोळी होती आणि पाण्यात मोगरा. तिसऱ्या दिवशी शेजारचे गुरुराज सपत्नीक आले, हात जोडून उभे राहिले आणि विचारलं, हे व्रत किती दिवसांचं? मी डॉक्टरांच्या हिशेबाने तीन महिने म्हटलं. ते फार प्रभावित झाले. आता त्यांची बायको दर शुक्रवारी नारळ पाठवते. एकदा ताटलीत डोकावून त्यांनी विचारलं, हे काळे काळे तीळ का? मी म्हटलं, स्वल्प तीळ घालावे लागतात.

पण अक्का, खरी गोष्ट मला पुढेच लिहायची होती. डॉक्टर जाता जाता दारात म्हणाल्या की या पिसवा कोशात झोपून राहतात. कित्येक महिनेसुद्धा. रिकाम्या घरात, बंद खोलीत, फटीत पडून असतात, आणि कुणाची पावलं वाजली की त्यांना कळतं, कुणीतरी आलं, आणि त्या जाग्या होतात. कोशात असेपर्यंत औषध लागत नाही. म्हणून घरभर चालत जा, सगळ्या खोल्यांतून, रोज.

मी कितीतरी वेळ दारातच उभी होते. बाहेर कुणाच्या तरी ऑफिसची गाडी वळत होती, मेट्रो वरून गेली, आणि मला त्या इवल्याशा जिवांचं इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. कुणाची तरी पावलं वाजायची वाट बघत पडायचं. मला ते फार ओळखीचं वाटलं. मग मी ह्यांच्या खोलीचं दार उघडलं. चार वर्षांत कमला झाडण्यापुरती जायची, मी नाही. तुझा तो नवलगुंदचा जमखाना तिथेच अंथरलेला आहे, आणि बिशप-शेवंती खिडकीतून आत जाऊन त्यावरच झोपत होती, मला न सांगता. सगळं बिऱ्हाड तिथे होतं. मी त्या खोलीत चालले. खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून खुर्चीपर्यंत. आता रोज चालते. कधी अर्धा तास, कधी कळतच नाही किती. दुपारचं ऊन जमखान्यावरच्या मोरावरून हळूहळू सरकतं, शेवंती माझ्या मागून चालते, बिशप खुर्चीत बसून शिकवणी घेतल्यासारखा बघतो. कधी कधी ह्यांच्याशी दोन शब्द होतात. ते पूर्वीसारखंच ऐकून घेतात, फक्त आता पेपर मधे नसतो.

चालताना पांढरे मोजे घालायचे, गुडघ्यापर्यंत. पिसू उडून बसली की पांढऱ्यावर काळी दिसते. असे मोजे फक्त शाळेच्या गणवेशाच्या दुकानात मिळतात. दुकानदाराने न बघता विचारलं, "कितवी?" आणि अक्का, माझ्या तोंडून निघून गेलं, "आठवी, ब." त्याने मान वर केली, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, "सरी, मॅडम" म्हणत होकारार्थी मान डोलावली आणि मोजे बांधून दिले.

तर असं चाललं आहे. जमखाना धुतला, कोच उन्हात काढला, मांजरांचे थेंब चालू आहेत. पण पिसवा संपल्या असं अजून म्हणवत नाही. शनिवारी तनय स्वतः येणार आहे तपासायला. तो म्हणेल तेव्हा मी निघेन. प्रकृतीला जप. कानाचं यंत्र डबीतून काढ.

तुझी,
नयना

ता. क. — तुझ्याशी खोटं बोलून मला कधी झोप लागलेली नाही. शेवटची पिसू मी पाहिली, त्याला आज बत्तीस दिवस झाले. कमलालाही सांगितलेलं नाही. वरचा साष्टांग मी खरोखरच घातला, जमिनीवर, सावकाश, आणि फरशी गार होती म्हणून थोडी पडूनही राहिले. बॅगेत फक्त ह्यांची शाल आहे. अक्का, मला बेळ्ळंदूरला जायचं नाही. ही दोघं फाटकाकडे तोंड करून बसलेली मला बघवणार नाहीत. तनय तुला नक्की फोन करेल. त्याला एवढंच सांग की धारवाडला कुणाकडे तरी पिसवा वर्षभर होत्या. एकदा आईला सांगितलं होतंस, तसं. तूच त्याला घसरल्याचं कळवलंस, तेव्हा एवढं तुझ्याकडे लागतंच.

ता. क. २ — शनिवार संध्याकाळ. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. तनय आला. त्याचे मोजे काळे, म्हणून माझे आठवी-ब चे घातले, ते त्याच्या घोट्याच्या वर जेमतेम आले. पँट दुमडून घरभर चालला, सगळ्या खोल्यांतून. मी बिशपला मांडीवर घेऊन बसले होते, दोघांनीही श्वास धरला होता. ह्यांच्या खोलीत तो खूप वेळ होता. ह्यांच्या खुर्चीचा आवाज ऐकू आला, म्हणजे बसला असणार. मग बाहेर आला, मोजे काढले, नीट घडी केली आणि म्हणाला, "आई, दोन दिसल्या."

मी विचारलं, कुठे. तो बिशपच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "बाबांच्या खोलीत. एक इकडे, एक तिकडे. आता दिवाळीनंतर बघू." मग फोनवर काहीतरी करत म्हणाला, सोमवारी एक माणूस येईल, न्हाणीघरात धरायला दांड्या बसवायला. आणि जिना उतरता उतरता, माझ्याकडे न बघता, "मावशीला बोलाव की राहायला. तिला हे काही नवीन नाही."

तेव्हा त्याला फोनवर काही सांगू नकोस. तू ये. आईची फणी असेल तर घेऊन ये, बिशपला विंचरू. मोजे मी धुवायला घेतले, त्याआधी खिडकीशी उजेडात धरून दोन्ही उलटसुलट पाहिले. पांढरेशुभ्र होते, अक्का.